उपग्रहावरून हवेचं तापमान: आकडा कसा तयार होतो आणि कुठे घसरतो

दर महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सव्हिल शाखेतून एक आकडा बाहेर पडतो. गेल्या महिन्यात पृथ्वीच्या खालच्या वातावरणाचं तापमान सरासरीपेक्षा किती अंशांनी वर किंवा खाली होतं, तो हा आकडा. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा इथली रिमोट सेन्सिंग सिस्टिम्स ही संस्था बहुतांशी त्याच उपग्रहांच्या नोंदी घेऊन आपला वेगळा आकडा काढते. पहिल्याला यूएएच म्हणतात, दुसऱ्याला आरएसएस. १९७९पासूनचा कल पाहिला तर यूएएचचा दर दशकाला सुमारे ०.१५ अंश सेल्सिअस येतो आणि आरएसएसचा सुमारे ०.२१. पीठ एकाच गिरणीचं आणि भाकऱ्या दोन चवींच्या, असा हा प्रकार. मग कुणी एकाला खोटं ठरवतं, कुणी दुसऱ्याला. दोघंही वातावरण तापतंय असंच सांगतात, हे त्या गदारोळात मागे पडतं.

फरक कुठून येतो हे कळायला साखळीच्या पहिल्या कडीपासून सुरुवात करावी लागते, कारण उपग्रहावर थर्मामीटर नसतो. म्हणजे असतो, पण तो हवेचं तापमान घेत नाही. तो कुठे असतो ते पुढे येईलच.

हवेतला ऑक्सिजन ६० गिगाहर्ट्झच्या आसपास सूक्ष्मलहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह, शोषतो आणि तितक्याच प्रमाणात उत्सर्जितही करतो. ऑक्सिजन निवडण्याचं कारण सरळ आहे: कोरड्या हवेत तो २०.९५ टक्के असतो, आणि मुंबईवर असो की अंटार्क्टिकावर, हे प्रमाण बदलत नाही. पाण्याच्या वाफेचं तसं नाही, ती दर तासाला बदलते. प्रमाण पक्कं असलं की उत्सर्जनाची तीव्रता जवळजवळ केवळ तापमानावर ठरते, आणि या लहरींच्या पट्ट्यात ती तापमानाच्या सरळ प्रमाणात असते. शिवाय साधे ढग या लहरींना फारसे अडवत नाहीत. इन्सॅट-३डी मालिकेतल्या उपग्रहांवरचा साउंडर, म्हणजे हवेचा थराथराने वेध घेणारं यंत्र, अवरक्त किरणांवर चालतो. जुलैत कोकणावर ढगांची चादर असली की त्याला ढगांचा माथाच दिसतो. मायक्रोवेव्हचं यंत्र त्या चादरीतून आरपार पाहतं. अपवाद मोठ्या गडगडाटी ढगांचा. त्यांच्यातल्या गारा आणि जाड बर्फकण लहरी विखुरतात, मोजणी खोटी थंड येते, आणि अशा नोंदी वेचून काढाव्या लागतात.

आता उंचीचा प्रश्न. ऑक्सिजनच्या शोषणपट्ट्याच्या ऐन मध्यावर ट्यून केलं तर वरची हवाच सगळं शोषून घेते, त्यामुळे यंत्राला वरचा थर दिसतो. पट्ट्याच्या कडेला सरकलं की नजर खोल जाते. १९७८च्या ऑक्टोबरात गेलेल्या टायरॉस-एन या उपग्रहावर मायक्रोवेव्ह साउंडिंग युनिट, म्हणजे एमएसयू, बसवलेलं होतं. त्याच्या चार वाहिन्या होत्या: ५०.३०, ५३.७४, ५४.९६ आणि ५७.९५ गिगाहर्ट्झ. हवामानाच्या दीर्घ नोंदीसाठी खरं काम दुसरी आणि चौथी करतात. दुसरी मध्य तपांबर दाखवते, म्हणजे जमिनीलगतच्या सर्वात खालच्या थराचा मधला भाग, आणि चौथी त्यावरच्या थराचा तळ, म्हणजे खालचं स्थितांबर, साधारण १७-१८ किलोमीटरच्या आसपासचं.

'मध्य तपांबर दाखवते' हे वाक्य फसवं आहे. दुसरी वाहिनी एखाद्या ठरावीक उंचीचं तापमान देत नाही. जमिनीपासून स्थितांबरापर्यंतच्या सगळ्या हवेची ती मिसळ देते. साधारण ५ किलोमीटरच्या आसपासच्या हवेचा वाटा सर्वात मोठा, वर आणि खाली तो उतरत जातो. कोणत्या उंचीचा किती वाटा, हे दाखवणाऱ्या वक्राला वेटिंग फंक्शन म्हणतात. या मिसळीत दहाएक टक्के जमिनीचा किंवा समुद्राच्या पृष्ठभागाचा हिस्सा असतो आणि वरच्या बाजूने साधारण तेवढाच स्थितांबराचा. दोन्ही टोकं पुढे डोकेदुखी होतात.

जागेच्या बाबतीतही तेच. एमएसयू थेट खाली पाहत असताना जमिनीवरचा ठिपका सुमारे ११० किलोमीटर व्यासाचा. मुंबईचा किनारा, कोकणपट्टी, घाट आणि पुण्याच्या अलीकडचा मावळ, हे सगळं मिळून एक आकडा! तिरपं पाहताना ठिपका आणखी पसरतो. १९९८पासूनच्या एएमएसयू या सुधारित यंत्राचा ठिपका ४८ किलोमीटरच्या आसपास आहे. गावाचं तापमान याने मोजायचं नसतं, हे सांगायला नको, तरी सांगतो.

मोजमापाची फेरी

एमएसयूची एक फेरी २५.६ सेकंदांची. या वेळात आरसा डावीकडून उजवीकडे ११ ठिकाणी थांबतो, मधलं सहावं ठिकाण बरोबर खाली. मग आरसा मोकळ्या अवकाशाकडे वळतो, आणि शेवटी यंत्रातच बसवलेल्या गरम काळ्या तबकडीकडे. या तबकडीत प्लॅटिनमचे रोधक तापमापक रोवलेले असतात. उपग्रहावरचा थर्मामीटर तो हाच.

अवकाशाचं तापमान माहीत आहे: २.७३ केल्विन. तबकडीचं तापमान प्लॅटिनम सांगतो. या दोन खुंट्यांमध्ये दोरी बांधायची आणि पृथ्वीचा संकेत त्या दोरीवर कुठे बसतो ते पाहायचं. समजा अवकाशाकडे पाहताना यंत्राने १००० हा अंक दिला, २८५ केल्विनच्या तबकडीकडे पाहताना ३०००, आणि खाली पृथ्वीकडे पाहताना २७६५. (अंक सोयीसाठी घेतले आहेत.) पृथ्वीचा हिस्सा १७६५ भागिले २०००, म्हणजे ०.८८२५. त्याला दोन टोकांमधल्या २८२.२७च्या फरकाने गुणायचं, २.७३ मिळवायचे, उत्तर साधारण २५१.८ केल्विन. या हिशेबात एका अंकाचा फरक म्हणजे ०.१४ केल्विन. आपल्याला शोधायचा आहे तो कल वर्षाला ०.०१ ते ०.०२ अंशांचा.

एका मोजणीतून तो दिसणं शक्यच नाही. पण दिवसाला ८६,४०० सेकंद, प्रत्येक फेरी २५.६ सेकंदांची, फेरीत ११ मोजण्या: एका उपग्रहाच्या ३७ हजारांवर मोजण्या रोज होतात. महिन्याची सरासरी घेतली की यादृच्छिक गोंगाट जवळजवळ संपतो. उरतात त्या पद्धतशीर चुका, म्हणजे सगळ्या मोजण्यांना एकाच दिशेने ढकलणाऱ्या. सरासरी कितीही घ्या, त्या हलत नाहीत. पुढचं सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

दोन खुंट्यांची दोरी तंतोतंत सरळ नसते, हा त्यातला पहिला घोळ. यंत्राचा प्रतिसाद किंचित वाकलेला असतो. उड्डाणाआधी निर्वात कक्षात ही वक्रता मोजतात, पण अवकाशात यंत्राचं अंग तापतं-निवतं तसा दोष वेगळ्या तऱ्हेने उमटतो. तबकडी काही अंशांनी गरम झाली की पृथ्वीचाही आकडा जरासा सरकतो. खरं तर सरकायला नको, कारण तबकडीचं तापमान आपण हिशेबात धरलेलंच आहे. यावर उपाय असा: दोन उपग्रह एकाच काळात फिरत असताना त्यांच्या आकड्यांतला फरक काढायचा, तो दोन्ही तबकड्यांच्या तापमानांशी जुळवून पाहायचा आणि प्रत्येक यंत्रासाठी एक गुणक ठरवायचा.

हे जमायला दोघांचा एकत्र काळ लांब हवा. अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेच्या नोआ-९ उपग्रहाच्या बाबतीत तो मिळाला नाही. १९८४च्या डिसेंबरात गेलेल्या या उपग्रहाचं एमएसयू १९८७च्या सुरुवातीलाच बंद पडलं आणि १९८६च्या सप्टेंबरात गेलेल्या नोआ-१०बरोबर त्याला जेमतेम काही महिने मिळाले. एवढ्या तोकड्या नोंदीतून काढलेला गुणक कोणता बरोबर, यावर दोन गटांचं एकमत झालं नाही. नोआ-९ हा जुन्या आणि नव्या उपग्रहांमधला सांधा. तिथे गुणक जरा बदलला की १९८५च्या आधीची सगळी नोंद नंतरच्या नोंदीच्या तुलनेत वर-खाली होते. वीस वर्षांच्या कलावर काही महिन्यांच्या नोंदीचा एवढा दाब पडतो.

घड्याळ चुकतं तेव्हा

हे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात, दिवसाला चौदाच्या आसपास प्रदक्षिणा. कक्षा अशी निवडतात की विषुववृत्त दर वेळी ठरावीक स्थानिक वेळेला ओलांडलं जावं, उदाहरणार्थ दुपारी दीड आणि रात्री दीड. पण जुन्या नोआ उपग्रहांवर कक्षा जागेवर ठेवण्यासाठी इंधनाची सोय नव्हती. वर्षं जातात तशी ओलांडण्याची वेळ सरकते. १९९४च्या शेवटी गेलेला नोआ-१४ दुपारचा होता, पुढच्या दहा वर्षांत तो संध्याकाळपर्यंत घरंगळला. नोआ-१५ संध्याकाळी साडेसातचा निघाला आणि मागे सरकत सरकत पाचच्याही आत आला.

दुपारी दीडला मोजत होतात, आता साडेपाचला मोजताय: जमीन निवलेली. रात्री दीडच्या जागी पहाटे साडेपाच: आणखी निवलेली. हवामान तेच राहिलं तरी आकडा वर्षागणिक थंड होत जातो. समुद्रावर दिवस-रात्रीचा फरक नगण्य, म्हणून तिथे त्रास कमी. सहारा, थर, ऑस्ट्रेलियाचा मध्यभाग इथे जास्त, आणि तिबेटच्या पठारावर तर पृष्ठभागच साडेचार किलोमीटरवर असल्याने वेटिंग फंक्शनचा मोठा तुकडा जमिनीतच अडकतो.

दुरुस्ती करायची तर प्रत्येक ठिकाणी प्रत्येक तासाला हवा किती गरम असते हे हवं, आणि तेच मुळात माहीत नसतं. आरएसएसने हा दैनिक चढउतार हवामानाच्या संगणकी प्रारूपावरून घेतला, नंतरच्या आवृत्तीत तो उपग्रहांच्या आपसातल्या तुलनेवरून सुधारला. यूएएचची सहावी आवृत्ती प्रारूप टाळून, सरकणाऱ्या आणि न सरकणाऱ्या उपग्रहांच्या फरकातून तो काढते. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या स्टार गटाने तिसरी वाट धरली: २००२नंतरच्या काळासाठी कक्षा स्थिर असलेल्या उपग्रहांनाच मापदंड मानायचं. यूएएचच्या एका जुन्या आवृत्तीत या दुरुस्तीची दिशाच उष्णकटिबंधात उलटी लागली होती. २००५ साली आरएसएसच्या कार्ल मिअर्स आणि फ्रँक वेंट्झ यांनी ती चूक दाखवली, यूएएचच्या रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी यांनी ती मान्य करून कल दशकाला ०.०३५ अंशाने वर नेला. वजाच्या जागी अधिक आलं की कल किती हलतो, ते यात दिसतं.

उंचीची घसरण हा त्याच कुळातला दुसरा दोष, आणि माझ्या मते या विषयातला सर्वात सुंदर. खालच्या तपांबराचा आकडा काढायला सुरुवातीला एक चलाख युक्ती होती. तिरप्या नजरेला हवेतून जास्त वाट कापावी लागते, म्हणून ती वरचा थर जास्त दाखवते. सरळ नजरेतून तिरपी वजा केली की वरचा भाग कटतो आणि खालचा उरतो. अकरा ठिकाणांपैकी ३, ४, ८ आणि ९ यांची बेरीज घ्यायची आणि तिच्यातून १, २, १० व ११ यांच्या बेरजेची ०.७५ पट वजा करायची. वजनं ४ उणे ३, म्हणजे १. हिशेब चोख.

पण सूर्य सक्रिय असला की वरचं विरळ वातावरण फुगतं, उपग्रहाला घर्षण वाढतं आणि तो हळूहळू खाली येतो. पृथ्वी गोल असल्याने, खाली आलेल्या उपग्रहाची तिरपी नजर जमिनीला कमी तिरपी लागते, हवेतली वाट आखूड होते, आकडा गरम येतो. आणि तो आपण वजा करतो! म्हणजे उपग्रह खाली आला की वातावरण थंड झाल्याचा भास. १९९८ साली वेंट्झ आणि शाबेल यांनी हे दाखवलं तेव्हा १९७९ ते १९९५चा कल दशकाला उणे ०.०५ वरून अधिक ०.०७ झाला. चिन्हच पालटलं. यूएएचने ही घसरण मान्य केली, पण त्याच सुमारास तबकडीच्या तापमानाची दुरुस्ती उलट्या दिशेने लागल्यामुळे त्यांच्या आकड्यात दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकांना खाऊन गेल्या.

आता यूएएच तिरप्या नजरेची वजाबाकी करत नाही. तीन वाहिन्यांची मिसळ करते: मध्य तपांबराचे १.५३८ भाग, त्यातून तपस्तब्धीच्या, म्हणजे तपांबर आणि स्थितांबर यांच्या सीमेवरच्या, वाहिनीचे ०.५४८ भाग वजा, आणि स्थितांबराचे ०.०१० भाग अधिक. बेरीज पुन्हा १. वजाबाकीच्या प्रत्येक कृतीला एक किंमत असते: संकेत कमी होतो, चुका मात्र गुणल्या जातात.

स्थितांबराची भेसळ काढायलाही हीच रीत. स्थितांबर गेल्या काही दशकांत थंड झालंय, ओझोन कमी झाल्याने आणि कार्बन डायऑक्साइड वाढल्याने. त्यामुळे दुसऱ्या वाहिनीतला त्याचा वाटा तपांबराची वाढ झाकतो. २००४ साली चियांग फू आणि सहकाऱ्यांनी चौथी वाहिनी वापरून तो वाटा वजा करायची पद्धत मांडली. आज सर्रास वापरतात ते रूप सोपं आहे: मध्य तपांबराच्या १.१ पटीतून स्थितांबराचा ०.१ भाग वजा. मध्य तपांबराचा कल ०.१० आणि स्थितांबराचा उणे ०.३० धरला, तर उत्तर ०.११ अधिक ०.०३, म्हणजे ०.१४. एवढ्या छोट्या भेसळीने जवळजवळ तिसरा हिस्सा गिळला होता.

मग दोन संस्थांमधला आजचा फरक येतो कुठून? बराचसा भाग जुन्या एमएसयूकडून नव्या एएमएसयूकडे जाताना पडतो. १९९९ ते २००४च्या सुमारास नोआ-१४ आणि नोआ-१५ दोन्ही वर होते आणि त्यांचं जमत नव्हतं: नोआ-१४ नोआ-१५च्या तुलनेत गरम होत चालला होता. यूएएचने नोआ-१५वर विश्वास ठेवून नोआ-१४ लवकर कापला. आरएसएसने दोघांनाही ठेवलं. कोण चुकतोय हे सांगणारा तिसरा विश्वासू साक्षीदार त्या वर्षांत नव्हता. वाहिन्याही तंतोतंत सारख्या नाहीत: एमएसयूची दुसरी ५३.७४ गिगाहर्ट्झवर, एएमएसयूची पाचवी ५३.५९६वर, म्हणजे पाहण्याची उंचीही जराशी वेगळी. मला विचाराल तर इथे कुणाचं बरोबर यापेक्षा हा फरकच अनिश्चिततेचं प्रामाणिक माप आहे, आणि एकाच संस्थेचा आलेख दाखवून वाद घालणाऱ्याला दुसरीचाही आलेख मागावा.

हवामानाच्या फुग्यांशी ताडून पाहा, असं सुचवलं जातं. पाहतातच. भारतात मुंबई, नागपूर, पणजी अशा ठिकाणांहून फुगे सुटतात, भारतीय वेळेनुसार साडेपाचच्या दोन वेळांना. पण फुग्यावरच्या उपकरणावर ऊन पडलं की ते खोटं गरम वाचतं, आणि प्रत्येक देशाने उपकरणं वेळोवेळी बदलली आहेत, बदलाच्या तारखेला नोंदीत पायरी पडते. समुद्रावर तर फुगे फारसे नाहीतच. साक्षीदार उपयोगी, पण त्याचीही उलटतपासणी लागते.

स्वतः हिशेब करायचा असेल तर

यूएएचची मासिक नोंद साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मिळते: वर्ष, महिना, जग, त्यातली जमीन, समुद्र, मग गोलार्ध वगैरे. फाइलच्या तळाशी शीर्षक पुन्हा छापलेलं असतं आणि कलाची ओळ असते. प्रोग्रॅम तिथे अडखळतो, म्हणून आधी ते कापा. तीच ओळ नंतर स्वतःचं उत्तर तपासायला वापरा.

जाळीची नोंद २.५ अंशांच्या चौकोनांची असते, १४४ गुणिले ७२. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळ्या चौकोनांची सरळ सरासरी. ध्रुवाजवळचे चौकोन इवलेसे असतात, म्हणून प्रत्येक ओळीला अक्षांशाच्या कोसाइनचं वजन द्यायचं: १.२५ अंशावरच्या ओळीला जवळपास १, ६१.२५ला ०.४८, ८८.७५ला फक्त ०.०२. वजन विसरलात तर आर्क्टिक सगळ्या जगाला ओढून नेईल. उणे ९९९९ हा नोंद नसल्याचा संकेत आहे, तापमान नव्हे. तो न गाळल्यास हिमयुग अवतरतं. उपग्रह अगदी ध्रुवावरून जात नाही, त्यामुळे टोकाचे पट्टे भरून काढलेले असतात, आणि आरएसएस खालच्या तपांबरासाठी ७० अंश दक्षिणेच्या पलीकडचा भाग देतच नाही, कारण अंटार्क्टिकाचं उंच बर्फाचं पठार मध्ये येतं. दोन संस्थांची 'जागतिक' सरासरी म्हणूनही नेमकी एकाच जगाची नसते.

आधाररेषा तपासा. यूएएच १९९१ ते २०२०च्या सरासरीशी तुलना करते, आरएसएसची आधाररेषा १९७९ ते १९९८. दोन्ही आलेख तसेच एकावर एक ठेवले तर आरएसएस उगाच कितीतरी वर दिसतो. दोघांमधूनही एकाच कालखंडाची सरासरी वजा केल्याशिवाय तुलना करू नका. २०२१च्या जानेवारीत यूएएचने आधाररेषा पुढे सरकवली तेव्हा सगळे आकडे सुमारे ०.१ अंशाने उतरले. कल तसूभरही बदलला नाही.

कलाची अनिश्चितता काढताना महिने स्वतंत्र धरू नका. एल निनो आला की तपांबर काही महिने उशिराने, पण पृष्ठभागापेक्षा जास्त तापतं आणि तापलेलंच राहतं. १९९८, २०१६ आणि २०२४ची शिखरं पाहा. लगतच्या महिन्यांचा सहसंबंध ०.८५ धरला तर १९७९ ते २०२४चे ५५२ महिने प्रत्यक्षात ४५ स्वतंत्र नोंदींइतकेच भरतात. म्हणूनच १९९८पासून सुरू होऊन दहा-पंधरा वर्षांत संपणाऱ्या कलरेषेवर कुणी काही सिद्ध केलं तर त्या रेषेची टोकं आधी बघावीत. हिशेब बरोबर चाललाय का, याची एक सोपी चाचणी चौथ्या वाहिनीत आहे: १९८२चा एल चिचोन आणि १९९१चा पिनातुबो हे ज्वालामुखी स्थितांबराच्या नोंदीत गरम कंगोरे म्हणून ठळक दिसायला हवेत, आणि पिनातुबोनंतर तपांबरात त्याच काळात खळगा. दिसले नाहीत तर फाइल उलटी वाचली गेली आहे.

इंधन असलेल्या उपग्रहांनी घड्याळाचा प्रश्न बराच सोपा केला. २००२ साली गेलेला अक्वा वीस वर्षं दुपारी दीडला चिकटून राहिला, युरोपचे मेटॉप सकाळी साडेनऊला, आणि सुओमी एनपीपी व नोआ-२० यांच्यावरची एटीएमएस ही एएमएसयूच्या पुढच्या पिढीची यंत्रंही दुपारी दीडला. अक्वाच्या पाचव्या वाहिनीचा गोंगाट मात्र मधल्या काळात वाढत गेला, कक्षा पक्की असून उपयोग नाही अशी गत. २०२२च्या जानेवारीपासून त्याने कक्षा सांभाळणंही सोडलं आहे, तोही आता सरकतो. सत्तावीस वर्षं चाललेला नोआ-१५ हा २०२५ साली बंद करण्यात आला, त्याच वर्षी नोआ-१८ आणि १९सुद्धा. त्यांच्या शेवटच्या काही वर्षांच्या नोंदी वापरायच्या की कापायच्या, आणि कापायच्या तर कोणत्या महिन्यापासून, हे प्रत्येक गट आपापलं ठरवतो आहे.